जुन्या रेल्वे डब्याला त्याच्या काळचा खरा रंग कसा द्यावा

जुना प्रवासी डबा जतनासाठी ताब्यात आला की बहुतेक ठिकाणी कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी ग्राइंडर लावून सगळा जुना रंग पत्र्यापर्यंत किंवा लाकडापर्यंत खरवडून काढायचा, त्यावर रेड ऑक्साइडचा एक हात मारायचा आणि मग शेडकार्ड उघडून मूळ रंग कोणता होता याची चर्चा सुरू करायची. तोवर त्या प्रश्नाचे उत्तर झाडून गोळा होऊन कचऱ्यात गेलेले असते. मुरगाव ते कॅसलरॉक या जुन्या मीटरगेज मार्गावर धावलेल्या किंवा त्याच जातीच्या एखाद्या डब्याचे काम गोव्यात कोणी हाती घेतले असेल, मग तो डबा स्थानकाबाहेर चौथऱ्यावर उभा असो वा हॉटेलच्या अंगणात, त्याच्यासाठी पुढील टप्पे लिहिले आहेत. टप्प्यांचा क्रम बदलू नये, कारण या कामातल्या बहुतेक चुका क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

टप्पा १: आधी साल ठरवा, रंग नंतर

"मूळ रंग" हे शब्द कामाच्या कागदावर लिहूच नयेत. चाळीस-पन्नास वर्षे सेवेत असलेला डबा दर काही वर्षांनी कारखान्यात जाऊन नव्याने रंगवला गेलेला असतो. मालक बदलला की रंगसंगतीही बदलण्याची शक्यता असते. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या डेक्कन क्वीनचे उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे आहे. त्या गाडीचा एक संच रुपेरी रंगाचा आणि त्यावर लाल पट्ट्या, तर दुसरा गडद निळा आणि त्यावर सोनेरी रेषा, असा होता. एकाच गाडीचे, एकाच काळातले दोन रंग. तेव्हा प्रश्न असा विचारावा: हा विशिष्ट डबा कोणत्या साली जसा दिसत होता तसा आपल्याला दाखवायचा आहे?

गोव्यातल्या मार्गापुरते बोलायचे तर वेस्ट ऑफ इंडिया पोर्तुगीज रेल्वे या कंपनीचा काळ, सदर्न मराठा आणि १९०८ नंतर मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या व्यवस्थापनाचा काळ, मुक्तीनंतर दक्षिण रेल्वेचा काळ आणि २ ऑक्टोबर १९६६ पासून दक्षिण मध्य रेल्वेचा काळ असे ढोबळ कप्पे पडतात. आपला डबा यांपैकी कोणत्या कप्प्यांत अस्तित्वात होता हे त्याच्या सांगाड्यावरच्या पाटीवरून, बांधणीवरून आणि क्रमांकावरून आधी निश्चित करावे. सागवानी अंगाचा डबा आणि पेरांबूरच्या कारखान्यात १९५५ नंतर बनू लागलेला पोलादी अंगाचा डबा यांना एकच रंग लावण्याचा प्रकार दिसतो, तो या पहिल्याच पायरीवर थांबतो.

साल ठरवताना डब्यावर आज जे साहित्य शिल्लक आहे त्याचाही विचार करावा लागतो. पंखे, दिव्यांची टोपणे, खिडक्यांच्या जाळ्या, ब्रेकची यंत्रणा ही सत्तरच्या दशकातली आणि रंग मात्र १९२० सालचा, अशी सरमिसळ झाली की तो डबा कोणत्याच सालचा राहत नाही. जुने साल मिळवण्यासाठी नंतरचे सगळे साहित्य उपटून काढणे मला पटत नाही. डब्यावर जे सर्वांत जास्त प्रमाणात टिकून आहे त्याचे साल धरावे, मग ते कितीही साधे वाटो. मुक्तीनंतरच्या साध्या मरून रंगातला डबा प्रेक्षकांना फिका वाटेल अशी भीती मालकांना असते, पण खरा मरून नीट लावला तर तो फिका दिसत नाही.

तपासणी: पुढे जाण्यापूर्वी एक वाक्य लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात: "हा डबा अमुक सालाच्या सुमारास कारखान्यातून रंगवून बाहेर पडला तेव्हा जसा होता, तसा रंगवायचा आहे." पुढचे वाद या वाक्यावर येऊन मिटतात.

टप्पा २: कागद आणि छायाचित्रे यांची मर्यादा ओळखून तपासणी

कागदपत्रांसाठी पणजीचे पुराभिलेख खाते, पाटो येथील कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि पर्वरीचे झेवियर सेंटर ऑफ हिस्टॉरिकल रिसर्च ही जवळची ठिकाणे आहेत. कंपनीच्या काळातल्या पत्रव्यवहारासाठी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिस रेकॉर्ड्सची सूची इंटरनेटवर पाहता येते. शोध घेताना "रंग" हा विषय धरून बसू नये. भांडारातील खरेदीच्या याद्या, निविदा आणि डबेबांधणीचे करारनामे यांत रंगद्रव्यांची नावे, वॉर्निशचे प्रकार व हातांची संख्या सापडण्याची शक्यता अधिक. कागदावर "चॉकलेट" किंवा "लेक" (लालसर रंगाचे जुने इंग्रजी नाव) असे लिहिलेले आढळले म्हणजे शेड हाती लागली असे मात्र नव्हे. त्यातून फक्त रंगाचे कुळ कळते.

कृष्णधवल छायाचित्रांवरून रंग ठरवणे ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. जुन्या ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल प्रकाश जवळपास दिसतच नाही, त्यामुळे लाल रंगाचा डबा तिच्यावर काळा उमटतो आणि निळा मात्र फिकट, कधी जवळजवळ पांढरा दिसतो. पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्व रंग टिपते, पण तिथेही गडद मरून आणि गडद हिरवा यांची राखाडी छटा सारखीच येऊ शकते. म्हणून छायाचित्राला रंगाचे नाव विचारू नये; मांडणी विचारावी. खिडकीच्या वरचा आणि खालचा भाग एकाच छटेचा आहे की दोन, बीडिंग पट्टीवर रेषा आहे का, अक्षरे कुठे आहेत, छत अंगापेक्षा फिकट आहे की गडद, दाराच्या कडा वेगळ्या रंगवल्या आहेत का, या प्रश्नांची उत्तरे छायाचित्र खात्रीने देते.

रंगीत छायाचित्रांवरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. जुन्या कागदी प्रतींतला निळसर घटक उडून सगळे चित्र गुलाबी होते, आणि मग मरून डबा विटकरी वाटू लागतो. अशा चित्रात एखादी ओळखीची वस्तू शोधावी, जसे टपालपेटी, झाडाची पाने, पांढरा सदरा. ती जितकी बिघडलेली दिसते तितकाच डब्याचा रंगही बिघडलेला आहे असे धरावे.

निवृत्त कर्मचाऱ्यांच्या आठवणी जरूर लिहून घ्याव्यात, पण रंगाच्या छटेसाठी नव्हे. कुठे पायदान पिवळे होते, कोणत्या दारावर काय लिहिले होते, डबा रंगवून आला की किती दिवसांत मळायचा, हे त्यांना पक्के आठवते.

टप्पा ३: डबा धुणे आणि नमुन्याच्या जागा नेमणे

वास्को-मुरगाव पट्ट्यात उभ्या असलेल्या डब्यावर खाऱ्या वाऱ्याने मीठ बसते, आणि सावर्डे, कुडचडे, काले या भागात राहिलेल्या डब्यावर खनिजाची लाल धूळ. दोन्ही नळाच्या गोड्या पाण्याने, मऊ कुंच्याने धुऊन काढावीत. प्रेशर पंप वापरू नये. सुटायला आलेले पोपडे, म्हणजेच आपला पुरावा, त्याच्या झोताबरोबर उडून जातात. शेवाळ असेल तर बांबूच्या चपट्या कामटीने हलकेच काढावे.

यानंतर डब्याचा आराखडा कागदावर काढून त्यावर जागांची खूण करावी. पूर्वी रंगारी जिथे घासायला कंटाळले असतील त्या जागा आपल्या सर्वांत उपयोगाच्या, कारण तिथे जुने थर एकावर एक तसेच राहतात. दाराच्या बिजागऱ्यांमागे, हाताच्या दांड्यांच्या तळपट्टीखाली, क्रमांकाच्या पाटीमागे, छताच्या पाणपट्टीच्या खालच्या कडेला, खिडकीच्या चौकटीच्या आतल्या खाचेत, आतमध्ये सामानाच्या फळीच्या कंसामागे, डब्याच्या टोकाकडच्या भिंतीवर शिडीच्या आड. उघड्या सपाट पत्र्याच्या मधोमध मात्र काहीच मिळत नाही, कारण तो भाग प्रत्येक वेळी नीट घासला गेलेला असतो किंवा पत्राच बदललेला असतो.

पत्रा बदललेला असणे ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. अपघात किंवा गंज यांमुळे एखादा भाग नवीन बसवला असेल तर त्यावर दोनच थर मिळतील, आणि तेवढेच पाहून "या डब्याला कायम हाच रंग होता" असा निष्कर्ष निघेल. दोन्ही बाजू, दोन्ही टोके, प्रत्येक जातीचे दार आणि खिडकीच्या वरचा व खालचा भाग यांतून स्वतंत्र नमुने घ्यावेत. जिथे सर्वांत जास्त थर सापडतील ती जागा त्या डब्याची मोजपट्टी; बाकीच्या जागांचे थर तिच्याशी जुळवून पाहायचे.

सावधान: जुन्या रंगात शिसे असतेच असे समजून चालावे. सफेदा, शेंदूर आणि क्रोम पिवळा ही तिन्ही शिशाची रंगद्रव्ये. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाखांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. आपला डबा त्याच्या कितीतरी आधीचा आहे. कोरडे घासणे, ग्राइंडर आणि ब्लो-लॅम्प पूर्ण वर्ज्य. काम ओले करावे, सूक्ष्म धूळ अडवणारा पी-१०० फिल्टरचा मुखवटा लावावा, जेवणापूर्वी हात-तोंड धुवावे, कामाचे कपडे घरच्या कपड्यांत धुऊ नयेत आणि घासलेला चिखल विहिरीजवळ किंवा ओहोळात न टाकता झाकणाच्या बरणीत बंद करून ठेवावा. लहान मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या आवारात येऊ देऊ नये.

टप्पा ४: रंगाची खिडकी उघडणे

साहित्य थोडेच लागते: ४००, ६००, ८०० आणि १२०० नंबरचे पाण्याचे पॉलिश पेपर, बारीक सर्जिकल ब्लेड, दहा पट मोठे दाखवणारे भिंग, पाण्यात साबणाचा एखादा थेंब, कापूस, मोजपट्टी आणि छायाचित्रासाठी राखाडी कार्ड. घाई नसलेला माणूस हवा, हे साहित्याच्या यादीत पहिले लिहायला हवे होते.

१. निवडलेल्या जागी तीन ते चार सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ पेन्सिलीने आखावे व त्याला क्रमांक द्यावा.

२. ४०० नंबरचा ओला पेपर बोटाच्या टोकाला गुंडाळून वर्तुळाच्या मध्यभागी गोल-गोल घासावे. मध्य खोल जातो आणि कडा उथळ राहतात, त्यामुळे थर कड्यांसारखे उघडत जातात; या वर्तुळालाच रंगाची खिडकी म्हणायचे. लाकूड किंवा पत्रा डोकावला की थांबावे.

३. मग क्रमाने बारीक पेपर घेऊन ओरखडे घालवावेत. ही पायरी गाळली तर प्रत्येक कडे धुरकट व फिकट दिसते आणि सगळे रंग प्रत्यक्षापेक्षा पांढरट भासतात.

४. कापसाने पुसून, वाळल्यावर पारदर्शक खनिज तेलाचा एक थेंब लावावा. वॉर्निशखाली रंग जसा भरीव दिसतो तसा तो क्षणभर दिसतो. छायाचित्र दोन्ही अवस्थांत घ्यावे, कोरडे आणि ओले.

दाराच्या बिजागरीमागची अशी एक खिडकी कशी दिसते ते पाहू. सर्वांत बाहेर पावडर सुटलेला गुलाबीसर पट्टा. त्याला लागूनच आत तोच रंग, पण दाट मरून, कारण पावडर फक्त पृष्ठभागावर सुटलेली होती. मग राखाडी, मग पुन्हा मरून, किंचित अधिक तपकिरी. त्याच्या आत केसाएवढी मधाच्या रंगाची चकाकती रेघ आणि तिला चिकटून काळपट मळाचा धागा. पुढे एक तपकिरी, त्याखाली जाड, दगडासारखी कठीण भुरकट पुट्टी, मग नारिंगी प्रायमर आणि शेवटी सागवान. भिंगातून पाच मिनिटे पाहिले तर नुसत्या डोळ्यांना जे तीन रंग वाटत होते ते आठ-नऊ थर असल्याचे ध्यानात येते.

जागेवरच्या खिडक्यांबरोबर प्रत्येक महत्त्वाच्या ठिकाणाहून तांदळाच्या दाण्याएवढा, लाकूड किंवा पत्र्यापर्यंतचा पूर्ण जाडीचा पोपडाही ब्लेडने सुटा करून क्रमांकित पुडीत ठेवावा. तो पारदर्शक पॉलिस्टर रेझिनमध्ये बसवून, आडवा छेद घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. खडकांचे छेद तयार करणाऱ्या भूशास्त्र विभागांकडे घासण्याची यंत्रे असतात; संवर्धनाचा सल्ला हवा असेल तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलासंवर्धन केंद्र हे विचारण्याजोगे ठिकाण आहे. डबा रेल्वेच्या मालकीचा असेल तर नमुने काढण्याची लेखी परवानगी आधीच घ्यावी.

टप्पा ५: थर वाचणे

सर्वांत महागडी चूक इथे होते. प्रत्येक रंगकामात प्रायमर, पुट्टी, अस्तर, रंगाचे एक-दोन हात आणि जुन्या पद्धतीत वर वॉर्निशचे हात असा एक गठ्ठा असतो. चार वेळा रंगवलेल्या डब्यावर चार गठ्ठे. खिडकीत दिसणारे प्रत्येक कडे म्हणजे एक रंगसंगती असे समजून राखाडी किंवा गुलाबी अस्तरालाच "जुना रंग" ठरवले जाते आणि मग न भूतो असा राखाडी डबा उभा राहतो.

अस्तर आणि अखेरचा रंग ओळखण्याची खूण मळ आहे. जो थर उन्हापावसात राहिला त्याच्या डोक्यावर धूळ, काजळी, वॉर्निशची रेघ किंवा भेगा असतात. अस्तरावर दुसऱ्याच दिवशी पुढचा हात बसलेला असतो, त्यामुळे त्याची वरची सीमा स्वच्छ असते. म्हणून थर खालून वर न मोजता मळाच्या रेषा मोजाव्यात. दोन मळरेषांमध्ये जे आहे ते एक रंगकाम. सूक्ष्मदर्शकाला अतिनील दिव्याची सोय असेल तर जुने वॉर्निश त्या प्रकाशात पांढरट-पिवळे चमकते आणि गठ्ठे चटकन वेगळे होतात.

गोव्यात या ठिकाणी एक खास फसगत संभवते. खनिजाच्या वाहतुकीच्या मार्गावर राहिलेल्या डब्यात दोन थरांमधला मळच लाल असतो, आणि तो रेड ऑक्साइडच्या अस्तरासारखा दिसतो. भिंगाखाली फरक कळतो: धुळीचा थर असमान जाडीचा, खाचेत साचलेला आणि कडेला विरळ असतो, ओल्या कापसाने टिपला तर त्याचा डाग कापसावर येतो. अस्तर सर्वत्र सारख्या जाडीचे असते आणि हलत नाही.

निळ्या रंगाचीही अशीच फसगत होते. पिवळे पडलेले वॉर्निश निळ्यावर असले की डोळ्याला हिरवा दिसतो. हिरवा थर सापडला असे वाटले तर आधी वॉर्निश बाजूला करून पाहावे.

थरांना साल लावण्यासाठी पुढील आधार उपयोगी पडतात. टायटॅनियमचे पांढरे रंगद्रव्य पहिल्या महायुद्धानंतर बाजारात आले; क्ष-किरण परीक्षणात ते एखाद्या थरात आढळले तर तो थर त्यानंतरचाच. रेल्वेच्या डब्यांवरचा तिसरा वर्ग १९७४ मध्ये संपला, तेव्हा ज्या थरावर तिसऱ्या वर्गाची खूण आहे तो त्याआधीचा. दक्षिण मध्य रेल्वेची आद्याक्षरे १९६६ च्या ऑक्टोबरपूर्वी असू शकत नाहीत. डब्याच्या टोकाकडच्या भिंतीवर पीओएच, म्हणजे कारखान्यातील मोठ्या दुरुस्तीची, तारीख आणि कारखान्याचे नाव स्टेन्सिलने लिहिण्याची पद्धत असल्याने तिथली खिडकी अत्यंत सावकाश उघडावी. एका थरावरची तारीख सापडली की वरखालचे थर आपोआप जागी बसतात. निळा रंग एअर ब्रेकच्या डब्यांबरोबर १९९० च्या दशकात आला आणि गोव्यातली मीटरगेज त्याच दशकात संपली, म्हणून मीटरगेज डब्यावरचा सर्वांत वरचा निळा थर बहुधा गोव्याच्या सेवेतला नसतो.

तपासणी: निदान तीन वेगवेगळ्या जागांचे गठ्ठे एकमेकांशी जुळले का? टप्पा १ मध्ये ठरवलेल्या सालाचा गठ्ठा कोणता, हे पुराव्यानिशी सांगता येते का? उत्तर "बहुतेक" असेल तर आणखी नमुने घ्यावेत.

टप्पा ६: रंगाचे मोजमाप

हवा तो थर सापडला तरी तो आज जसा दिसतो तसाच लावायचा नसतो. अळशीच्या तेलातला रंग वर्षानुवर्षे दुसऱ्या थराखाली, अंधारात राहिला की पिवळट पडतो. उघडलेली खिडकी दोन-तीन आठवडे उजेडात राहू द्यावी, पावसापासून आणि थेट उन्हापासून जपून. पिवळेपणा बराच ओसरतो. क्रीम आणि पांढऱ्या रंगांत हा फरक इतका असतो की उघडल्या दिवशी मोजलेले क्रीम लावले तर डबा आमरसाच्या रंगाचा होईल.

याच्या उलट, सेंद्रिय लाल रंगद्रव्ये उन्हात उडतात आणि क्रोम पिवळा काळवंडतो. त्यामुळे मोजमापासाठी उन्हाकडची बाजू घेऊ नये. पाटीमागची, सावलीतली, न उडालेली जागा घ्यावी. लोहाच्या ऑक्साइडचे तपकिरी व लाल रंग मात्र टिकाऊ असतात, त्यांच्या बाबतीत फारशी दुरुस्ती लागत नाही.

मोजायला हातात धरायचा स्पेक्ट्रोफोटोमीटर, म्हणजे रंग आकड्यांत मोजणारे यंत्र, मिळाला तर उत्तम. मोठ्या रंगकंपन्यांचे तंत्रज्ञ आणि वाहनांचे रंग जुळवणारी दुकाने यांच्याकडे तो असतो. १२०० नंबरने घासून गुळगुळीत केलेल्या, निदान यंत्राच्या छिद्राएवढ्या एकसंध भागावर पाच-सहा वाचने घेऊन सरासरी काढावी. यंत्र नसेल तर आयएस ५ (रंगांचे भारतीय मानक) किंवा ब्रिटिश स्टँडर्ड ३८१ सी यांच्या अधिकृत रंगपट्ट्या, अथवा मन्सेलचे रंगपुस्तक घेऊन ढगाळ उजेडात, सकाळी दहा ते दुपारी तीनच्या दरम्यान, उत्तरेकडच्या प्रकाशात जुळवणी करावी. दोन वेगवेगळ्या माणसांनी एकमेकांना न विचारता क्रमांक लिहावा आणि मग पडताळावा.

सावधान: मोबाइलने काढलेल्या छायाचित्रातून रंगाचा कोड काढणारी ॲप वापरू नयेत. मोबाइल स्वतःच्या मर्जीने उजेडाची दुरुस्ती करतो. छापील शेडकार्डाचा फोटो आणि पडद्यावरची शेड यांचाही उपयोग नाही.

आयएस ५ मधला ५४१ क्रमांकाचा मरून ही तयार शेड दुकानात सहज मिळते म्हणून तीच रेल्वेची, असे धरून चालू नये. ती जुळली तर आनंदाने वापरावी; जुळली की नाही हे मोजून ठरवावे.

टप्पा ७: रंग बनवून घेणे आणि फळी रंगवून पाहणे

दुकानदाराला शेडचे नाव न देता मोजमापाचे आकडे आणि एक रंगवलेला तुकडा द्यावा, आणि यंत्राने काढलेल्या सूत्रात कोणती रंगद्रव्ये आहेत ते विचारावे. मूळ थर लोह ऑक्साइडचा असेल तर नवीन मिश्रणातही तेच मुख्य असावे. भलत्याच रंगद्रव्यांनी जुळवलेली शेड दुकानातल्या ट्यूबलाइटखाली हुबेहूब दिसते आणि उन्हात नेली की जांभळी किंवा नारिंगी मारते.

निदान दोन फूट बाय तीन फूट आकाराची फळी, डब्याच्या अंगाला असेल त्याच साहित्याची, संपूर्ण थरांसह रंगवावी: प्रायमर, पुट्टी, अस्तर, रंग, आणि त्या सालाच्या पद्धतीत वॉर्निश असेल तर तेही. अंगठ्याएवढ्या तुकड्यावर गडद वाटणारा रंग मोठ्या पृष्ठभागावर उजळ आणि भडक वाटतो. म्हणून निर्णय फळीवर घ्यावा. फळी उभी ठेवून सकाळी, दुपारी आणि दिवेलागणीला पाहावी, आणि उघडलेल्या खिडकीशेजारी धरून पुन्हा मोजावी. दोन्हींतला डेल्टा-ई, म्हणजे मोजमापातून निघणारा रंगफरकाचा आकडा, २ च्या आत असला तर सामान्य डोळ्याला तो जाणवत नाही.

चकाकीबद्दल दोन टोकाच्या चुका दिसतात. "जुना आहे, जुना दिसला पाहिजे" म्हणून मॅट रंग लावतात. वास्तविक वॉर्निश केलेला डबा कारखान्यातून बाहेर पडताना आरशासारखा असे. दुसरीकडे मोटारीचा पॉलियुरेथेन लावून डबा प्लॅस्टिकच्या खेळण्यासारखा करतात. पोलादी अंगावर चांगल्या प्रतीचे अल्किड इनॅमल, ब्रशने किंवा बारीक फवाऱ्याने, हा माझ्या मते गोव्यातला सर्वांत समजूतदार पर्याय. चकाकी चांगली येते आणि पुढे एखादा भाग दुरुस्त करायचा झाल्यास गावातला पेंटरही तो करू शकतो.

टप्पा ८: प्रत्यक्ष रंगकाम

चवथ झाली की पाऊस ओसरतो, पण कामाला हात घालण्यासाठी दिवाळीपर्यंत थांबावे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने योग्य. हवेतील आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली आणि पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियसने वर असेल तरच हात मारावा. हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर दवबिंदू २५ अंशांच्या आसपास येतो, म्हणजे पत्रा किमान २८ अंशांवर हवा. हिवाळ्यात पहाटे तो हवेपेक्षाही थंड असतो. म्हणून दव सुकल्यावर काम सुरू करावे आणि ऊन उतरण्यापूर्वी, शेवटचा हात धूळ न बसण्याइतका वाळेल अशा बेताने, थांबवावे. वरून नुसते ताडपत्रीचे छत पुरत नाही. बाजूंनी पडदे हवेत, विशेषतः समुद्राकडून वारा येत असेल तर.

क्रम असा: पुन्हा गोड्या पाण्याने धुणे, ओले घासणे, गंज काढून त्याच दिवशी प्रायमर, खड्ड्यांत पुट्टी, अस्तर, पुन्हा ओले घासणे, रंगाचे दोन पातळ हात. प्रत्येक हातानंतर रंगाच्या टिनावर लिहिलेला वाळण्याचा काळ पाळावा. दमट दिवशी तो दीडपट धरावा. एका बाजूला लागणारा सगळा रंग एकाच बॅचचा असावा किंवा रंगाचे सर्व टिन एका पिंपात एकत्र ढवळून घ्यावेत. अर्ध्या डब्यावर बॅच बदलली की उन्हात शिवण दिसल्यासारखी सीमा दिसते, आणि ती नंतर झाकता येत नाही.

ज्या जागी जुने थर घट्ट बसलेले आहेत तिथे ते पूर्ण काढण्याचे कारण नाही. घासून खरखरीत करून त्यावरच नवा गठ्ठा चढवावा.

टप्पा ९: अक्षरे, रेषा, छत आणि आतली बाजू

अक्षरे संगणकातल्या तयार फाँटमध्ये करू नयेत. जुन्या थरावर तिरपा प्रकाश टाकला की रंगवलेल्या अक्षरांची उंचवट्याची कडा दिसते. त्यावर पारदर्शक कागद ठेवून आकार गिरवून घ्यावा. देवनागरी अक्षरांची वळणे हाताने लिहिणाऱ्या रंगाऱ्याची असतात आणि ती तशीच ठेवावीत, शुद्धलेखन सुधारण्याचा मोह आवरून. छत, सांगाडा, पायदान आणि आतील छत यांचे नमुने अंगाच्या नमुन्यांइतक्याच काळजीने घ्यावेत. आतल्या भिंतींना सरसकट पांढरा डिस्टेंपर फासण्याची सवय सोडावी.

टप्पा १०: पुरावा जागेवर ठेवणे

प्रत्येक बाजूला निदान एक उघडलेली खिडकी आणि तिच्याशेजारी तळहाताएवढा न घासलेला जुना पृष्ठभाग तसाच राखावा. बिजागरीमागची किंवा दाराच्या आतल्या कडेची जागा यासाठी योग्य. त्यावर पारदर्शक, पुन्हा काढता येईल असे वॉर्निश लावावे व शेजारी क्रमांक कोरलेली छोटी पितळी पट्टी बसवावी. नमुन्यांच्या पुड्या, छायाचित्रे, मोजमापाचे आकडे, रंगाचे सूत्र, बॅच क्रमांक आणि रंगवलेली फळी एकत्र ठेवावी, पण त्याच डब्यात नव्हे. पावसाळ्यात तिथे कागदाला बुरशी लागते. कागदांची एक प्रत मालकाकडे आणि एक जवळच्या ग्रंथालयात द्यावी. रंगाचा एक लिटरचा बंद डबा पुढच्या डागडुजीसाठी राखून त्यावर भरल्याची तारीख लिहावी. अल्किड इनॅमल सीलबंद राहिले तरी काही वर्षांत त्यावर साय धरते, तेव्हा वापरण्यापूर्वी ते फळीशी पुन्हा जुळवून पाहावे.